त्रुटी-नोंदीतील पुरावा : डेटाबेस क्वेरीच्या निष्पत्तीची मांडणी

गोषवारा : संगणक प्रणालीतील दोष कळवताना डेटाबेसमधून मिळालेली निष्पत्ती त्रुटी-नोंद प्रणालीत चिकटवण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. चिकटवताना त्या निष्पत्तीतील काही माहिती नकळत गळते, तर काही बदलते. प्रस्तुत लेखात या गळतीची कारणे, निरनिराळ्या डेटाबेस साधनांच्या मांडणीच्या तऱ्हा आणि देवनागरी मजकुरामुळे उद्भवणाऱ्या विशेष अडचणी यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : डेटाबेस, क्वेरी, त्रुटी-नोंद, नल मूल्य, युनिकोड, देवनागरी, मार्कडाउन.

१. प्रस्तावना

९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील ‘मार्क २’ या संगणकाच्या नोंदवहीत एक पतंग चिकटपट्टीने चिकटवण्यात आला. यंत्राच्या ७० क्रमांकाच्या रिलेमध्ये तो अडकला होता. यंत्रातील दोषाला ‘बग’ म्हणण्याची पद्धत त्यापूर्वीची आहे. एडिसनच्या १८७८ मधील पत्रव्यवहारातही ती आढळते. परंतु दोषाचा पुरावाच नोंदीला जोडण्याचे हे उदाहरण विशेष प्रसिद्ध झाले. ती नोंदवही आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात जतन केलेली आहे.

आजच्या नोंदवह्या संगणकीय आहेत. १९९८ मध्ये मोझिला प्रकल्पाबरोबर ‘बगझिला’ खुली झाली. त्यानंतर २००२ मध्ये ‘जिरा’, २००४ मध्ये ‘ट्रॅक’, २००६ मध्ये ‘रेडमाइन’ आणि २००८ मध्ये ‘गिटहब’ अशा प्रणाली प्रचारात आल्या. व्यवहारात यांना ‘इश्यू ट्रॅकर’ म्हणतात. प्रस्तुत लेखात ‘त्रुटी-नोंद प्रणाली’ हा शब्द योजला आहे. या प्रणालींत चिकटवला जाणारा पुरावा बहुधा पतंगासारखा मूर्त नसतो. डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर, म्हणजे काही स्तंभ आणि काही ओळी, असे त्याचे स्वरूप असते. पतंग चिकटवला तरी पतंगच राहतो. क्वेरीच्या निष्पत्तीविषयी तसे म्हणता येत नाही, आणि हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या विषयाकडे लक्ष वळण्यास एक घटना कारणीभूत झाली. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक एका महाविद्यालयाच्या शुल्क-सवलतीच्या संगणकीय प्रणालीचे काम पाहत असे. प्रणाली बाहेरच्या विकासकांनी तयार केली होती व दोष कळवण्यासाठी त्यांची त्रुटी-नोंद प्रणाली होती. ज्यांच्या प्रमाणपत्राचा क्रमांक नोंदलेला आहे असे विद्यार्थी ‘पात्र’ यादीत आणि ज्यांचा क्रमांक नाही असे विद्यार्थी ‘प्रलंबित’ यादीत यावेत, अशी योजना होती. काही विद्यार्थी मात्र दोन्ही याद्यांतून गळाले. लेखकाने क्वेरी चालवून त्या ओळी नक्कल केल्या व नोंदीत चिकटवल्या. क्रमांकाचा स्तंभ रिकामा दिसत होता. विकासकाने रिकामा स्तंभ म्हणजे ‘नल’ असे गृहीत धरले, स्वतःकडे तशी ओळ तयार केली, ती ‘प्रलंबित’ यादीत व्यवस्थित आली, आणि ‘दोष पुन्हा घडवून आणता आला नाही’ असा शेरा मारून नोंद बंद केली. वास्तविक त्या स्तंभात नल नव्हते. जुन्या फाइलमधून माहिती भरताना तेथे शून्य लांबीची अक्षरमाला गेली होती. नल नसल्यामुळे ती ‘प्रलंबित’मध्ये बसत नव्हती आणि क्रमांक नसल्यामुळे ‘पात्र’मध्येही बसत नव्हती. हे उमगेपर्यंत परीक्षा अर्जांची मुदत संपली व त्या विद्यार्थ्यांना पूर्ण शुल्क भरावे लागले. त्यांतील एकाने ते उसनवारीने भरले होते, हे नंतर कळले. विकासकाची चूक म्हणावी तर त्याने जे दिसले ते वाचले. जे दिसायला हवे होते ते नोंदीत नव्हते, आणि ती नोंद लेखकाने लिहिलेली होती.

२. तक्ता हे निष्पत्तीचे चित्र

ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएम या संस्थेत असताना संबंधात्मक प्रतिमान मांडले. त्यात ‘संबंध’ हा गणिती अर्थाने संच आहे. संचाला क्रम नसतो, म्हणून ओळींनाही अंगभूत क्रम नसतो. स्तंभातील प्रत्येक मूल्याला विशिष्ट प्रकार असतो : पूर्णांक, दशांश, अक्षरमाला, दिनांक. मूल्य अज्ञात किंवा गैरलागू असल्यास तेथे नल असते. १९७४ मध्ये चेंबरलिन व बॉइस यांनी मांडलेली आणि १९८६ मध्ये अमेरिकी मानक संस्थेने प्रमाणित केलेली एसक्यूएल ही भाषा या प्रतिमानावर उभी आहे, जरी कॉड यांच्या काटेकोर अपेक्षांपासून ती बऱ्याच ठिकाणी ढळली.

पडद्यावर उमटणारा तक्ता म्हणजे या निष्पत्तीचे केवळ चित्र असते. चित्र काढताना प्रकार नाहीसे होतात, कारण ४१२ हा पूर्णांक आणि ‘४१२’ ही अक्षरमाला सारखीच दिसतात. शेवटच्या जागा, टॅब, ओळ-बदल ही चिन्हे अदृश्य होतात. ओळींना मात्र एक क्रम प्राप्त होतो आणि तो खरा असल्याचा आभास निर्माण होतो. क्वेरीत क्रमनिर्देश केलेला नसेल तर त्याच ओळी उद्या दुसऱ्या क्रमाने येऊ शकतात. ‘पहिल्या ओळीत चूक आहे’ असे लिहिणाऱ्याने हे ध्यानात घ्यावयास हवे.

नलचे प्रकरण सर्वांत नाजूक आहे. मायएसक्यूएलचा आज्ञा-ग्राहक नलच्या जागी ठळक रोमन अक्षरांत ‘नल’ हा शब्द छापतो. पण स्तंभात तोच शब्द अक्षरमाला म्हणून साठवलेला असेल तर दोहोंत फरक दिसत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलचा ‘पीएसक्यूएल’ व एसक्यूलाइटचा आज्ञा-ग्राहक नेहमीच्या व्यवस्थेत नलच्या जागी काहीच छापत नाहीत. वर सांगितलेल्या घटनेत नेमके हेच घडले. ओरॅकलमध्ये तर शून्य लांबीची अक्षरमाला नल म्हणूनच साठवली जाते, त्यामुळे त्या डेटाबेसवर वाढलेल्या विकासकाला हा भेद सहसा सुचतही नाही.

यावर उपाय साधा आहे. पीएसक्यूएलमध्ये ‘पीसेट’ या आज्ञेने आणि एसक्यूलाइटमध्ये ‘नलव्हॅल्यू’ या आज्ञेने नलसाठी हवे ते चिन्ह ठरवता येते. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे शंकास्पद स्तंभ अवतरणचिन्हांत मागवणे. मायएसक्यूएल व एसक्यूलाइट यांत ‘कोट’ आणि पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘कोट-नलेबल’ अशी फलने आहेत. ती अक्षरमालेला एकेरी अवतरणात गुंडाळतात व नल आल्यास अवतरणाविना नल हा शब्द देतात. शून्य लांबीची अक्षरमाला मग दोन अवतरणचिन्हे शेजारी-शेजारी अशी दिसते आणि एक जागा असलेली अक्षरमाला त्यांच्यामध्ये फट घेऊन येते. सोबत लांबीचा एक स्तंभ मागवला तर प्रश्नच उरत नाही. लेखकाने त्या दिवशी एवढे केले असते तर नोंद बंद झाली नसती.

३. साधनांच्या तऱ्हा

मायएसक्यूएलचा आज्ञा-ग्राहक पडद्यावर अधिक-चिन्हे, आडव्या रेघा आणि उभ्या दांड्या यांची चौकट काढतो. तीच निष्पत्ती फाइलकडे वळवली की चौकट नाहीशी होऊन स्तंभांमध्ये टॅब येतात. पडद्यावर पाहिलेले आणि फाइलमधून चिकटवलेले यांत फरक का, असा प्रश्न विद्यार्थ्यांना हमखास पडतो. ‘टी’ हा पर्याय दिल्यास चौकट कायम राहते. टॅबची रुंदी पाहणाऱ्याच्या साधनावर अवलंबून असते, म्हणून टॅबने जुळलेले स्तंभ दुसऱ्याच्या पडद्यावर जुळतीलच असे नाही.

ओरॅकलचे ‘एसक्यूएल प्लस’ हे जुने साधन आहे आणि कागदावर छपाई होण्याच्या काळातील त्याचे संस्कार आजही टिकून आहेत. ओळीची रुंदी मुळात ८० अक्षरे आणि पृष्ठाची उंची १४ ओळी असते. रुंद निष्पत्ती तुटून दोन-तीन ओळींत पसरते व दर पृष्ठाला शीर्षके पुन्हा छापली जातात. दिलेल्या रुंदीत न मावणारी संख्या आली तर तिच्या जागी चौकडीची चिन्हे उमटतात. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे अक्षर-स्तंभाची रुंदी एक असेल तर त्याचे शीर्षकही एका अक्षरापर्यंत छाटले जाते. ‘स्टेटस’ आणि ‘सेक्शन’ या दोन्ही स्तंभांवर मग एकच रोमन ‘एस’ उरतो. चिकटवण्यापूर्वी ओळीची रुंदी, पृष्ठाची उंची व स्तंभांची मांडणी निश्चित करून घेणे येथे अपरिहार्य आहे.

चित्रमय साधनांचा प्रश्न वेगळा आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरच्या व्यवस्थापन साधनात जाळीतील ओळी साध्या पद्धतीने नक्कल केल्या तर शीर्षके येत नाहीत. ‘शीर्षकांसह नक्कल’ हा पर्याय स्वतंत्रपणे निवडावा लागतो. निष्पत्ती मजकूर-रूपात मागवली तर प्रत्येक स्तंभ मुळात २५६ अक्षरांवर छाटला जातो आणि छाटल्याची कोणतीही खूण राहत नाही. ‘मायएसक्यूएल वर्कबेंच’ स्वतःहून १,००० ओळींची मर्यादा लावते. एखाद्या नोंदीत ‘एकूण १,००० ओळी बाधित’ असा नेमका पूर्ण आकडा दिसला की तो डेटाबेसचा आहे की साधनाचा, हे प्रथम विचारावे.

स्तंभ पुष्कळ आणि ओळी थोड्या असतील तेव्हा उभी मांडणी सर्वांत सोयीची ठरते. मायएसक्यूएलमध्ये क्वेरीच्या शेवटी अर्धविरामाऐवजी उलटी तिरकी रेघ व मोठा ‘जी’, पीएसक्यूएलमध्ये उलटी तिरकी रेघ व ‘एक्स’, अशी तिची आज्ञा आहे. प्रत्येक स्तंभ स्वतंत्र ओळीवर, नाव व मूल्य यांच्या जोडीने येतो :

क्रमांक : ४१२
गाव : 'कऱ्हाड'
प्रमाणपत्र : ''
प्रमाणपत्राची लांबी : ०

ही मांडणी दिसायला ओबडधोबड वाटते, परंतु तीस स्तंभांची एक ओळ आडवी चिकटवून वाचकाला उजवीकडे सरकत नेण्यापेक्षा ती कितीतरी सुसह्य आहे. शिवाय पुढील भागात वर्णिलेली जुळणीची अडचण तिला बाधत नाही.

४. देवनागरी मजकूर व स्तंभांची जुळणी

वर उल्लेखिलेल्या चौकटी एका गृहीतकावर उभ्या आहेत : प्रत्येक अक्षर सारखीच जागा व्यापते. टंकलेखन यंत्रापासून आलेले हे गृहीतक रोमन लिपीत समरुंदी टंक वापरल्यास खरे ठरते. देवनागरीत ते टिकत नाही.

‘कोल्हापूर’ हे एकच नाव घेऊ. वाचणाऱ्याच्या दृष्टीने त्यात को, ल्हा, पू, र अशी ४ अक्षरे आहेत. युनिकोडच्या दृष्टीने व्यंजने, मात्रा आणि हलन्त चिन्ह हे सर्व स्वतंत्र संकेतांक असल्यामुळे त्यात ९ संकेतांक आहेत. यूटीएफ-८ या साठवणीत देवनागरीचा प्रत्येक संकेतांक ३ बाइट घेतो, म्हणून तेच नाव २७ बाइटांचे होते. आज्ञापटलावरील साधने रुंदी मोजताना वापरतात तो प्रचलित नियम उकार, एकार, अनुस्वार व हलन्त यांना शून्य रुंदीचे, तर काना, वेलांटी व ओकार यांना एका घराचे धरतो. त्या हिशेबाने हे नाव ७ घरांचे ठरते. ‘पुणे’ या नावाची अक्षरे २, संकेतांक ४, बाइट १२ आणि घरे २. म्हणजे ‘कोल्हापूर’ला ४ अक्षरे आणि ७ घरे, पण ‘पुणे’ला अक्षरे व घरे दोन्ही २. साधन बाइट मोजून जागा भरते, संकेतांक मोजून भरते की घरे मोजून, यानुसार उजवीकडची दांडी वेगवेगळ्या ठिकाणी पडते, आणि यांपैकी एकही मोजणी पडद्यावरील प्रत्यक्ष रुंदीशी जुळत नाही.

यात भर म्हणजे बहुतेक समरुंदी टंकांमध्ये देवनागरी अक्षरे नसतात. ब्राउझर मग ती दुसऱ्या टंकातून उसनी घेतो व तो टंक समरुंदी नसतो. त्यामुळे आज्ञापटलावर कसाबसा जुळलेला तक्ता त्रुटी-नोंदीत चिकटवला की विस्कटतो. मराठी स्तंभ असलेली निष्पत्ती रिकाम्या जागा भरून जुळवण्याचा खटाटोप म्हणूनच व्यर्थ आहे. ती उभी मांडावी किंवा जुळणीचे काम ब्राउझरवर सोपवणाऱ्या खऱ्या तक्त्यात मांडावी.

जुळणी हा दिसणारा दोष झाला. न दिसणारा दोष अधिक गंभीर असतो. ‘कऱ्हाड’ या गावनामातील अर्धा, डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा र दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात ०९३१ हा संकेतांक, म्हणजे ऱ, आणि त्यापुढे हलन्त असते. दुसऱ्या, जुन्या प्रकारात ०९३०, म्हणजे साधा र, त्यापुढे हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक अशी तीन चिन्हे असतात. युनिकोडने जुन्या मजकुराशी सुसंगती राहावी म्हणून दुसरा प्रकारही मान्य ठेवला आहे. दोन्ही पडद्यावर एकसारखे उमटतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये नेहमीच्या व्यवस्थेत समानतेची तुलना बाइटशः होते, त्यामुळे एका कळफलकाने भरलेले ‘कऱ्हाड’ दुसऱ्या कळफलकाने शोधल्यास सापडत नाही. वापरणारा तक्रार करतो, ‘गाव समोर दिसते आहे पण शोधात येत नाही’, आणि पुरावा म्हणून दोन ओळी चिकटवतो. त्या दोन ओळी अगदी सारख्या असतात! वाचणाऱ्याला त्यातून काहीही उलगडत नाही. अशा वेळी मूल्याबरोबर त्याचे षोडशमान रूप मागवणे आवश्यक असते. मायएसक्यूएलमध्ये ‘हेक्स’, ओरॅकलमध्ये ‘डंप’, तर पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये मजकुराचे बाइटांत रूपांतर करून ‘एन्कोड’ वापरता येते. षोडशमान रूप चिकटवताना बदलत नाही, कारण ते साध्या अंकांचे व रोमन अक्षरांचे असते. मराठी माहितीवर काम करणाऱ्याने ही सवय अंगी बाणवावी, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते. सुऱ्या, दऱ्या, गोऱ्हे, तऱ्हा अशा शब्दांनी आपल्या नोंदी भरलेल्या असतात.

मजकूर सरसकट प्रश्नचिन्हांत किंवा अनाकलनीय लॅटिन चिन्हांत बदललेला दिसला तर दोन शक्यता संभवतात. प्रश्नचिन्हे प्रत्यक्ष डेटाबेसमध्ये साठवली गेली असतील तर मूळ मजकूर गेलेला असतो. केवळ ग्राहकाच्या जोडणीची अक्षरसंहिता चुकल्यामुळे ती दिसत असतील तर मूळ मजकूर शाबूत असतो. या दोन स्थितींत भेद करण्यासही तेच षोडशमान रूप उपयोगी पडते.

५. त्रुटी-नोंद प्रणालीच्या चिन्हव्यवस्था

निष्पत्ती व्यवस्थित बाहेर काढली तरी ती ज्या प्रणालीत चिकटवायची तिची स्वतःची चिन्हव्यवस्था असते व ती आपल्या मजकुराचा स्वतःच्या नियमांनी अर्थ लावते. जिराच्या विकी-चिन्हव्यवस्थेत शीर्षकाच्या घरासाठी दुहेरी दांडी आणि साध्या घरासाठी एकेरी दांडी वापरतात. आता एखादे घर रिकामे असेल तर त्याच्या दोन बाजूंच्या दांड्या एकमेकींना चिकटून दुहेरी दांडी बनते आणि पुढचे मूल्य शीर्षक म्हणून ठळक उमटते. रिकाम्या घरात किमान एक जागा किंवा काही चिन्ह ठेवणे हाच त्यावर उपाय. महिरपी कंस तेथे विशेष आज्ञेचे मानले जातात, म्हणून जेसन स्वरूपातील मूल्ये उघडी चिकटवू नयेत.

मार्कडाउन ही पद्धत जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये प्रसृत केली. मूळ मार्कडाउनमध्ये तक्ते नव्हते. ते पुढील विस्तारांतून आले आणि गिटहबने २०१७ मध्ये आपल्या आवृत्तीचे लिखित विनिर्देशन प्रसिद्ध केले. त्यानुसार शीर्षकाच्या ओळीखाली आडव्या रेघांची एक ओळ द्यावी लागते व अपूर्णविरामाने संरेखन सांगता येते :

| क्रमांक | गाव | प्रमाणपत्र |
|---:|---|---|
| ४१२ | कऱ्हाड | '' |
| ४१३ | पलूस | नल |

येथे दांड्या एकाखाली एक येण्याची गरज नाही. मराठी मजकुराला हे अत्यंत सोयीचे आहे. एसक्यूलाइटच्या आज्ञा-ग्राहकात ऑगस्ट २०२० च्या ३.३३.० या आवृत्तीपासून निष्पत्ती थेट मार्कडाउन रूपात मिळते. इतर साधनांत पीएसक्यूएलची चौकट क्रमांक २ किंवा मायएसक्यूएलची चौकट घेऊन वरची व खालची रेघ काढावी आणि मधल्या रेघेतील अधिक-चिन्हांच्या जागी दांड्या घालाव्यात. एवढ्याने मार्कडाउन तक्ता सिद्ध होतो. मूल्यातच दांडी असेल तर तिच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते, आणि मूल्यात ओळ-बदल असेल तर तक्ता तेथेच मोडतो.

याच पद्धतीत एक विलक्षण सापळा आहे. नल स्पष्ट दिसावे म्हणून काही साधने ते कोनाकृती कंसात छापतात. मार्कडाउन कोनाकृती कंसातील शब्दाला एचटीएमएलची खूण समजते आणि अनोळखी खूण म्हणून गिटहब ती गाळून टाकते. नल दाखवण्यासाठी योजलेले चिन्हच नाहीसे होऊन घर पुन्हा रिकामे दिसते! त्याचप्रमाणे चौकडीच्या चिन्हापुढील अंक दुसऱ्या नोंदीचा दुवा बनतो आणि ‘ॲट’ चिन्हापुढील शब्द एखाद्या अनोळखी सदस्याचे नाव ठरून त्याला सूचना जाते.

या सर्वांपासून बचाव म्हणजे मजकूर जसाच्या तसा दाखवणारा विभाग. मार्कडाउनमध्ये तीन उलट्या अवतरणचिन्हांच्या ओळींमध्ये, जिरात ‘नोफॉरमॅट’ या खुणेत, ट्रॅकमध्ये तिहेरी महिरपी कंसात तो लिहितात. रोमन मजकूर, संख्या, षोडशमान रूपे आणि क्वेरी स्वतः यांच्यासाठी हाच विभाग वापरावा. देवनागरी स्तंभ असलेल्या चार-सहा ओळींसाठी खरा तक्ता वापरावा. पडद्याचे छायाचित्र मात्र शक्यतो टाळावे. त्यातील मजकूर शोधता येत नाही, नक्कल करता येत नाही आणि पडदा-वाचक वापरणाऱ्या दृष्टिहीन सहकाऱ्याला त्याचा काहीच उपयोग नसतो.

ओळी शंभरावर असतील तर चिकटवण्याऐवजी फाइल जोडणे इष्ट. स्वल्पविरामाने विलग केलेल्या मूल्यांच्या स्वरूपाचे वर्णन ऑक्टोबर २००५ च्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजात आहे. ही फाइल वाटेत स्प्रेडशीटमध्ये उघडून पुन्हा जतन करू नये. आरंभीची शून्ये जातात, पंधरा अंकांपुढील अंकांची शून्ये होतात आणि दिनांकासारखे दिसणारे शब्द दिनांक बनतात. हा शेवटचा दोष इतका चिवट ठरला की मानवी जनुकांच्या नामकरण समितीने २०२० मध्ये मार्च व सप्टेंबर या महिन्यांसारखी दिसणारी काही जनुकांची संक्षिप्त नावेच बदलली.

६. निष्पत्तीसोबत काय द्यावे

ज्या क्वेरीने निष्पत्ती मिळाली ती क्वेरी नोंदीत नसेल तर निष्पत्तीचा उपयोग निम्म्याने घटतो. डेटाबेसचे नाव व आवृत्ती, एकूण किती ओळींपैकी किती दाखवल्या आहेत, आणि क्वेरी केव्हा चालवली, या गोष्टी एका वाक्यात सांगता येतात. वेळेबाबत थोडे अधिक लिहिणे प्राप्त आहे. भारतीय प्रमाणवेळ जागतिक समन्वित वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. १५ जुलैच्या पहाटे दीड वाजता भरलेला अर्ज जागतिक वेळेत १४ जुलैच्या रात्री आठ वाजता नोंदला जातो. अर्जाची मुदत १४ जुलैच्या मध्यरात्री संपत असेल तर चिकटवलेल्या ओळीवरून तो अर्ज वेळेत आल्याचे दिसते, प्रत्यक्षात तो उशिराचा असतो. पोस्टग्रेएसक्यूएल वेळविभागासहित प्रकारातील मूल्यापुढे फरकाचा आकडा छापते. मायएसक्यूएल तो छापत नाही, आणि त्याचा ‘टाइमस्टॅम्प’ हा प्रकार प्रत्येक जोडणीच्या वेळविभागानुसार वेगळी वेळ दाखवतो. म्हणून जोडणीचा वेळविभाग शब्दांत लिहावा.

याहूनही उपयुक्त पुरावा म्हणजे दोष पुन्हा घडवणारी सामग्री : तक्ता निर्माण करण्याची आज्ञा आणि दोन-तीन ओळी भरण्याच्या आज्ञा. त्यात प्रकार शाबूत राहतात, नल आणि रिकामी अक्षरमाला वेगळ्या राहतात, आणि वाचणारा काही क्षणांत तीच स्थिती स्वतःकडे उभी करू शकतो. याला थोडा वेळ लागतो, पण अनेकदा ही सामग्री तयार करतानाच दोष कोठे आहे ते कळवणाऱ्याच्याच ध्यानात येते.

७. गोपनीयता

महाविद्यालये, रुग्णालये, पतसंस्था यांच्या निष्पत्तींत माणसांची नावे, दूरध्वनी क्रमांक, आधार क्रमांक, खाते क्रमांक असतात. त्रुटी-नोंद प्रणाली ही डेटाबेसइतकी संरक्षित नसते. नोंद लिहिताच तिची प्रत अनेकांच्या ई-मेलमध्ये जाते, आणि नंतर नोंद दुरुस्त केली तरी त्या प्रती व बदलांचा इतिहास शिल्लक राहतो. भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला. परंतु कायदा नसता तरी विद्यार्थ्याची जात-प्रमाणपत्राची माहिती परक्या संस्थेच्या नोंदवहीत जाणे अनुचितच ठरले असते. प्रस्तुत लेखकाने आरंभी सांगितलेल्या घटनेत विद्यार्थ्यांची खरी नावे चिकटवली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. दोषाच्या दृष्टीने त्या नावांची काहीही आवश्यकता नव्हती.

मूल्ये झाकताना दोषाशी संबंधित रूप मात्र टिकवावे लागते. दूरध्वनी क्रमांकाच्या आधी शून्य असल्यामुळे दोष उद्भवत असेल तर बदली क्रमांकाच्या आधीही शून्य हवे. नावाच्या शेवटी जागा असेल तर कल्पित नावाच्या शेवटीही ती हवी. एकच व्यक्ती तीन तक्त्यांत येत असेल तर तिन्ही ठिकाणी तिला एकच बदली क्रमांक द्यावा, अन्यथा तक्त्यांतील जोड तुटतो. आधारच्या झाकलेल्या रूपात शेवटचे ४ अंक दिसतात. पण लहान गावाच्या यादीत गाव, जन्मतारीख आणि ते ४ अंक एवढ्यावरूनही माणूस ओळखता येतो. अशा यादीत गाव आणि जन्मतारीख हे स्तंभ दोषाशी संबंधित नसतील तर क्वेरीतूनच वगळावेत, आणि सर्व स्तंभ मागवणारी तारांकित क्वेरी त्रुटी-नोंदीसाठी चालवू नये.